राव्ना आत्याच्या स्कूटरचा पट्टा

मला राग लवकर येतो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. माणसांचा येतोच, पण माणसाचं एक वेळ समजून घेता येतं. यंत्राचं तसं नसतं. यंत्राला दुखत असेल तर ते ओरडतं, नसेल दुखत तर गप्प बसतं, त्याला खोटं बोलायचं काही कारणच नाही. म्हणून राव्ना आत्याची स्कूटर त्या एप्रिलात माझ्याशी जशी वागली, ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

राव्ना आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. सत्तरी ओलांडलेली, अंगाने मूठभर, पण आवाज असा की नदीच्या या काठाला बोलली तर त्या काठाचं कुत्रं उठून बसेल. आमच्या कळपात तिची स्वतःची रेनडियर आहेत, स्वतःची कानखूण आहे, आणि ती खूण कुठल्या जनावराच्या कानावर आहे हे तिला पाठमोऱ्या जनावरावरूनही कळतं. लहानपणी ती ओढीच्या रेनडियरांची घसरगाडी हाकायची. पुढे नॉर्वेच्या उत्तर टोकाला, आमच्या फिनमार्कच्या पठारावर बर्फावरच्या स्कूटरी आल्या, तेव्हा माझ्या बापाआधी ती शिकली. बायकांनी स्कूटर चालवावी का, असा विषय कोणी काढला की म्हणायची, "बरं, मग तू ये चालत. मी पुढे जाऊन कॉफी ठेवते."

आपली स्कूटर ती स्वतः चालवायची, पण तिची देखभाल करायचा लेमेत आतोबा, तिचा नवरा. हा माणूस दिवसातून मोजून चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन कुत्र्याशी. त्याआधीच्या शरदात, कळप कोंडायचे दिवस होते, कॉफीचा कप हातात धरून बसल्या जागी गेला. आत्या रडली की नाही, आम्हाला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती कोंडवाड्यात सगळ्यांच्या आधी हजर होती.

आणि त्याच हिवाळ्यात तिची स्कूटर किंचाळायला लागली.

आमच्या स्कूटरला चाकं नसतात. पुढे दोन स्की, मागे रबरी साखळी. इंजिनाची ताकद साखळीपर्यंत नेतो तो एक रुंद पट्टा, पिठाच्या गिरणीला असतो तसा. हा पट्टा दोन पुल्यांवर फिरतो, त्यालाच आम्ही क्लच म्हणतो. इंजिनाने वेग घेतला की पुढची पुली मिटते, पट्ट्याला चिमटीत धरते आणि गाडी हलते. पट्टा धरू की नको असं करत घसरला की किंचाळतो. गाडी अगदी हळू चालली की जास्तच.

आणि आमचं सगळं काम हळूच असतं. एप्रिलच्या शेवटी गाभण माद्या पठारावरून समुद्राकडे निघतात, तिथे जाऊन वितात. त्या आपल्या आपण चालतात, आम्ही फक्त मागून जायचं, चालत्या माणसाच्या वेगाने, आवाज न करता. माद्या बिथरल्या तर धावतात, आणि त्या अवस्थेत धावल्या तर पोटातल्या पाडसाचं काही खरं नसतं.

मार्चमध्ये आम्ही कळप एका कुरणातून दुसऱ्या कुरणात नेत होतो. आत्या नेहमीसारखी मागच्या टोकाला होती. तिच्या गाडीने अशी काही किंचाळी फोडली की मागच्या माद्या उधळून थेट भूर्जाच्या रानात चढल्या. त्यांना गोळा करता करता आमच्या नाकी नऊ आले. संध्याकाळी शेकोटीपाशी मिकाल दादाने विषय काढला. मिकाल माझा थोरला भाऊ. आमच्या टोळीत शेवटचा शब्द त्याचा.

"आत्या, वाईट वाटून घेऊ नको," तो म्हणाला. "गाडी अशीच ओरडणार असेल तर समुद्राकडच्या या खेपेला तू घरी थांब. तुझी जनावरं आम्ही नीट नेतो."

आत्याने कॉफीत टाकलेला चीजचा तुकडा चमच्याने बाहेर काढला, खाल्ला, मग बोलली. "तुझी आजीसुद्धा अशीच थांबली होती. या खेपेलाच फक्त. पुढच्या खेपेला तिला कोणी विचारलंच नाही. ती खिडकीत बसायला लागली, ती खिडकीतच संपली."

"आत्या, मी असं कुठे म्हणतोय..."

"तू काहीच म्हणत नाहीस. गाडी म्हणतेय." मग तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "इस्सा, तू बघ. तुला यंत्रातलं कळतं असं तूच सांगत फिरतोस."

तर असं ते माझ्या गळ्यात पडलं. निघायच्या आधी किंचाळी बंद झाली तर आत्या येणार, नाही तर खिडकी.

मी तिची गाडी माझ्या शेडमध्ये घेतली. झाकण उघडलं तर पट्ट्याच्या दोन्ही कडा घासून आरशासारख्या झालेल्या. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? पट्टा म्हातारा झाला. कौटोकेइनो गावातून नवा पट्टा आणला, पुल्या पुसल्या, बसवला. गाडी गाईसारखी गरीब. आत्याला म्हटलं, ने. ती घेऊन गेली, नदीपलीकडे तिच्या घरी पोहोचेपर्यंत मी कान देऊन उभा होतो, हूं की चूं नाही. घरात येऊन इंगाला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐटीत सांगितलं की अर्ध्या तासाचं काम होतं.

सकाळी मी तोंड धूत होतो. नदीपलीकडून किंचाळी आली. आत्या दिसायच्या आधी तिची गाडी ऐकू आली.

"आत्या, केलंस काय?"

"काय करणार? बसले, चालवली, आले."

मी परत झाकण उघडलं. आता मला वाटलं, पुल्या एका रेषेत नसतील. सरळ पट्टी लावून बघितली, तर खरंच मागची पुली जराशी आत होती. वायसर बदलून ती बाहेर घेतली, पुल्या पुसल्या, पट्ट्याच्या कडा साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्या. गाडी गप्प. आत्या घेऊन गेली. सकाळी पुन्हा तीच किंचाळी.

मग वाटलं पट्टा सैल आहे, मागच्या पुलीत फार खोल बसतोय. स्क्रू फिरवून तो वर घेतला. गाडी गप्प. या वेळेला मी शहाणपणा केला, गाडी रात्रभर माझ्याच अंगणात ठेवली, उघड्यावर, अशा थंडीत की कुत्रासुद्धा घरात आला. सकाळी चालू केली. गप्प. आत्या येऊन घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आली ती ओरडतच.

पुढच्या पुलीची स्प्रिंग बदलली. आतली वजनं काढून साफ केली. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं बदलली. दर वेळेला पट्टा धुऊन, पुल्या पुसून बसवायचो, आणि दर वेळेला तेच. माझ्याकडे गप्प, तिच्याकडे रात्र काढली की किंचाळी.

"यात कळायचं काय आहे?" इंगा म्हणाली. "माझं नाही का तसंच? माहेरी बडबड, इथे गप्प."

मला हसू आलं नाही. मी आत्याच्या गाडीचा ओरडणारा पट्टा काढून माझ्या गाडीला लावला. माझी गाडी किंचाळली. माझा पट्टा तिच्या गाडीला लावला. तिची गप्प. म्हणजे खोट पट्ट्यातच आहे, हे शेंबड्या पोरालाही कळावं. मी माझा पट्टा तिच्याच गाडीवर ठेवला आणि तिला पाठवलं. माझा स्वतःचा, दोन वर्षं एक शब्द न बोललेला पट्टा. सकाळी तोही किंचाळत आला. आता बोला.

मी तो पट्टा काढून नाकाला लावला. जळका वास आला असता तर समजलो असतो. पण वास होता धुराचा, आणि आमच्याकडे धुराचा वास कशाला येत नाही? इंगाला येतो, कुत्र्याला येतो, पोरांच्या शाळेच्या दप्तरांना येतो. बोटांना किंचित तेलकट लागलं. तेव्हा मात्र माझी ट्यूब पेटली. इंजिनाचं सील गळतंय, तेल पट्ट्यावर उडतंय. अख्खा दिवस खपून इंजिन उतरवलं. सील कोरडं ठणठणीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं चाललं होतं, आणि रेडा कुठला नि पखाल कुठली, तेही आता मला कळेनासं झालं होतं.

मिकाल दादा शेडमध्ये आला तेव्हा मी पुल्यांचे सगळे भाग फडक्यावर मांडून त्यांच्याकडे नुसता बघत बसलो होतो.

"इस्सा, एक बोलू?" तो म्हणाला. "गाडीला काही झालेलं नाही. आत्याच करतेय."

"काय करतेय?"

"ते मला काय माहीत. काहीतरी लावत असेल. लेमेत आतोबा गेल्यापासूनची समुद्राकडची ही पहिलीच खेप. तिला यायचं नाहीये, पण येत नाही म्हणायला तोंड होत नाही. म्हणून गाडीला बोलायला लावतेय."

मी त्याला म्हटलं, काहीतरीच काय. पण तो गेल्यावर ते माझ्या डोक्यातून जाईना. आत्या आणि खोटेपणा हे दोन शब्द मी कधी शेजारी ठेवले नव्हते. पण मग माझा पट्टा तिच्या घरी एका रात्रीत कसा बिघडला? आणि येताना रोज ती इतकी तरतरीत कशी दिसायची? दुसऱ्या दिवशी ती आली, मी कॉफी ओतून दिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्या, तुला यायचंय ना खरंच?"

तिने कप खाली ठेवला.

"तू आता पान्याने माणसं उघडायला लागलास का?" ती म्हणाली.

कॉफी तशीच ठेवून ती गेली. किंचाळी नदीपलीकडे जाईपर्यंत ऐकू येत होती. मला माझी लाज वाटली, तिचा रागही आला, आणि गाडीचं उत्तर तर नव्हतंच.

निघायला एक दिवस उरला. तिसऱ्या प्रहरी मी दुकानातून अजून एक नवा पट्टा घेतला आणि तिच्याकडे गेलो. पट्टा घेतला खरा, पण मनात होतं ते हात टेकले म्हणून सांगायचं. ती घरात नव्हती. अंगणात तिची मातीची खोप आहे, मांस धुरावर सुकवायची, त्या खोपीच्या तोंडातून धूर निघत होता. वाकून आत गेलो. आत्या शेकोटीत भूर्जाची लाकडं सारत होती. वर आडव्या काठ्यांवर मांसाच्या लांब पट्ट्या आणि बरगड्या टांगलेल्या.

"बस," ती म्हणाली. आमच्याकडे रागावलेलं माणूसही आधी वाढतं, मग बोलतं. तिने मला वाडगाभर रस्सा दिला, त्यात नळीचं हाड. मी हाड फोडून आतला गर चोखत होतो, विषय कुठून काढावा ते सुचत नव्हतं. तेवढ्यात मानेवर काहीतरी गरम टपकलं. पुसलं, तर चरबी. वर बघितलं.

दोन बरगड्यांच्या मधे एक काळं, रुंद काहीतरी लोंबत होतं. आधी मला आतडं वाटलं. मग त्याच्या आतल्या बाजूचे रबरी दात दिसले.

"आत्या," मी म्हणालो, "तो पट्टा तिथे काय करतोय?"

"कुठला?"

"तो. गाडीचा. माझा पट्टा."

"कुठे असायला हवा?" ती म्हणाली. "आत्ताच तर काढून आणला. रोजच आणते संध्याकाळी."

"इथे? धुरावर?"

"मग काय गारठ्यात ठेवू?" आता तिला माझी कीव यायला लागली होती. "अरे, ओढीच्या जनावराच्या वाद्या रात्री धुरावर घालायच्या, जेवण झालं की हाताला लागलेली चरबी त्यांनाच पुसायची. नाही तर सकाळी थंडीत तडकतात. तुझ्या आजोबांनी मला घसरगाडीआधी हे शिकवलं."

"आत्या, त्या चामड्याच्या वाद्या. हा रबराचा आहे."

"ओढतो ना?"

"ओढतो, पण..."

"मग वादीच."

मी वाडगा खाली ठेवला आणि हसायला लागलो. मला थांबताच येईना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुराने की कशाने, कोण जाणे. इंजिन उतरवलं होतं मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आत्या आधी बघत राहिली, मग तिला राग यायला लागला, म्हणून मी घाईघाईने सांगितलं. वादीला चरबी लागली की ती मऊ होते, टिकते. पट्ट्याचं उलटं. पुलीने त्याला घट्ट धरायला हवं, आणि चरबी लागली की तो निसटतो. निसटला की घासतो, घासला की किंचाळतो. मी रोज तो धूत होतो, ती रोज त्याला चरबी लावत होती.

आत्याने लाकूड सारायचं थांबवलं.

"म्हणजे माद्या उधळल्या त्या माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तू मायेनेच केलंस ना ते."

"ते माद्यांना काय माहीत."

"पण आत्या, इतकी वर्षं गाडी गप्प होती. आतोबा काय करायचा? तो पट्टा काढायचा नाही?"

"काढायचा की. कडक थंडीत रोज काढून आणायचा. घरात ठेवायचा, दारामागच्या खुंटीवर."

"मग झालं तर. तूही तिथेच लाव."

"तिथे त्याचा कोट आहे," आत्या म्हणाली.

तो कोट मला माहीत होता. रेनडियरच्या कातड्याचा, लांब, आतोबाने उभ्या आयुष्यात वापरलेला. बोलणं सुचत नाही तेव्हा मी अवजाराकडे वळतो.

"मी दुसरा खिळा ठोकून देतो. हातोडी आहे माझ्याकडे."

"नको." ती शेकोटीकडे बघत बोलत होती, आणि आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं. "तू खिळा ठोकलास की तो कोट तिथून कधीच हलणार नाही. सगळा हिवाळा मी त्या दारातून तोंड फिरवून आत जातेय, इस्सा. पहिल्या दिवशी पट्टा हातात घेऊन दारापर्यंत गेले होते. खुंटी बघितली आणि तशीच मागे फिरले, इकडे आले. इथे धुरात तरी कोणी विचारत नाही डोळे का लाल आहेत म्हणून."

मिकाल दादा बरोबर होता की चूक, हेसुद्धा मला तेव्हा ठरवता येईना. तिला यायचं होतं आणि तिला येववत नव्हतं, दोन्ही एकदम खरं होतं, आणि असल्या बिघाडाला माझ्याकडे पाना नव्हता.

मी बाहेर आलो. ऊन अजून बर्फावर होतं. तिच्या गाडीच्या दोन्ही पुल्या स्पिरिटने पुसल्या, पॉलिशपेपरने हलकेच घासल्या, परत पुसल्या. नवा पट्टा बसवला, मागच्या पुलीचा स्क्रू पाव फेरा सैल केला, कारण मीच तो उगाच आवळून ठेवला होता. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने अंगणात फिरवली. गप्प. मग पट्टा काढला आणि आत्याच्या हातात दिला.

"हा रात्री कुठे राहणार ते तूच ठरव," मी म्हणालो. "धुरावर गेला तर उद्या मी काही करू शकणार नाही."

तिने तो दोन्ही हातांत धरला. मी निघालो.

सकाळी बर्फावर कडक पापुद्रा धरला होता, चालायला चांगला. म्होरकी मादी उठली, तिच्या गळ्यातली घंटा वाजली, तिच्यामागे एकेक करून बाकीच्या उठल्या. आम्ही सगळे गाड्या चालू करून उभे होतो. मिकाल दादा नदीकडे कान लावून होता, मीही. हिवाळाभराची सवय. आत्या निघाली की आधी किंचाळी यायची, मग आत्या.

काहीच आलं नाही.

"नाही येत ती," मिकाल दादा म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद वगैरे काही नव्हता. "चला. माद्या थांबणार नाहीत."

मला खूप वाईट वाटलं. वाटलं, गेली आत्या खिडकीत. आपण पट्टा दुरुस्त केला आणि नको ते उघडं केलं. मी गाडीवर बसलो, आणि निघायच्या आधी एकदा मागे बघितलं.

चढावरून लेमेत आतोबा येत होता.

मी खोटं सांगत नाही, तोच कोट, तीच वाकलेली मान, तीच डावी बाजू धरून यायची रीत. मिकाल दादाने टोपी काढली आणि मग काढली कशाला ते न कळून डोकं खाजवलं. गाडी जवळ आली. आमच्या इंजिनांच्या आवाजात तिचा आवाज वेगळा निघतच नव्हता. कोट पार पावलांपर्यंत आला होता, बाह्या दोनदा दुमडल्या होत्या, आणि टोपीखाली मूठभर तोंड होतं, डोळे सुजलेले.

मागच्या माद्यांनी कानसुद्धा वळवले नाहीत.

"बघता काय?" आत्या म्हणाली. "कळप चालला पुढे."

मिकाल दादाने गाडी बाजूला घेतली आणि मागची डावी जागा मोकळी केली. ती आतोबाची जागा. आत्या तिथे येऊन थांबली.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "पट्टा रात्री कुठे होता?"

"दारामागे," ती म्हणाली. "खुंटी मोकळी झाली होती."